आडात आलं, पोहऱ्यात कधी?

मध्यंतरी एका विद्यापीठात पीएच.डी.च्या सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधन-आराखड्यांची, सादरीकरणं ऐकायला बसलो होतो. आरआरसीची, म्हणजे संशोधनाच्या विषयांना मान्यता देणाऱ्या समितीची, बैठक कशी असते ते मराठवाड्यातल्या संशोधकांना सांगायला नको. वेळ सकाळी दहाची, सुरुवात साडेअकराला, एकेकाला सात मिनिटं, आणि बाहेर व्हरांड्यात फायली छातीशी धरून उभी असलेली पोरं. एका मुलीचा विषय होता किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांचा. विषय चांगला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेला तीस वर्षं उलटून गेली. नव्या गावठाणात जन्मलेली पोरं आता लेकुरवाळी झाली. तिनं स्लाइड लावली, 'पूर्वसंशोधनाचा आढावा'. खाली चार नोंदी. त्याखाली ते वाक्य, जे मी आजवर इतक्या सिनॉप्सिसमध्ये वाचलंय की डोळे मिटूनही दिसतं: 'सदर विषयावर आजतागायत संशोधन झालेले नाही.'

मी विचारलं, "काय टाकून शोधलं?"

"सर, विषयाचं पूर्ण शीर्षक टाकलं होतं. गुगलवर आणि शोधगंगेवर." शोधगंगा म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा.

"'लातूर अर्थक्वेक' टाकून बघितलं?"

ती गोंधळली. "सर, पण माझी गावं धाराशिव जिल्ह्यातली आहेत."

तिचं उत्तर भूगोलाच्या पेपरात पूर्ण मार्कांचं आहे. सास्तूर आणि भोवतालची गावं तेव्हाही उस्मानाबाद जिल्ह्यातच होती. पण जगभरच्या अभ्यासकांनी त्या भूकंपाला 'लातूरचा भूकंप' असं नाव देऊन टाकलं. कोणी 'किल्लारी' लिहिलं, कोणी 'खिल्लारी'. पुनर्वसनावर लिहिणाऱ्यांनी तर गावाचं नाव न घेता जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या कार्यक्रमाची इंग्रजी आद्याक्षरं वापरली, 'एमईईआरपी'. भूगर्भशास्त्रज्ञांनी लिहिलं, घरबांधणीच्या इंजिनिअरांनी लिहिलं, समाजशास्त्राच्या लोकांनी लिहिलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहिलं. एवढं सगळं असताना आपल्याच भागातल्या मुलीच्या हाताला चार नोंदी लागल्या.

मुलगी कष्टाळू होती, नोंदणी व्हायच्या आधीच कितीतरी घरं पायी फिरून आली होती. दोष तिचा नाही. तिला शोधायला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या गाईडलाही नव्हतं. मलाही नव्हतं, मी फक्त चुका करायला जास्त वर्षं घेतली.

'अनुशेष' हा शब्द मराठवाड्यात शाळकरी पोरालाही कळतो. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आपण सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा अनुशेष मोजत आलो. संशोधनातही आपलं गाऱ्हाणं तेच होतं: जर्नलं नाहीत, पुस्तकं नाहीत, कुठून करणार? ते खरं होतं. माझ्या एम.फिल.च्या दिवसांत मी रात्रीच्या एसटीनं पुण्याला जायचो, विभागप्रमुखांचं पत्र दाखवून जयकर ग्रंथालयात बसायचो, लेखांच्या झेरॉक्स काढायचो आणि दुसऱ्या रात्री परत. खिशातले पैसे संपले की त्या महिन्याचं संशोधन संपलं.

हे गाऱ्हाणं आता निम्मंही उरलेलं नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, म्हणजे सरकारी संस्थांतल्या संशोधकांना संशोधनाची नियतकालिकं सरकारी खर्चानं वाचायला मिळण्याची योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरूही झालं. योजनेची भाषा 'केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्था' अशी आहे, म्हणून संस्थाचालकांच्या कॉलेजातल्या संशोधकानं आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लॉगिन मागावं, लाजू नये. अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं 'एन-लिस्ट' आधीपासून आहे, त्यावर ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मिळतात. शेतीवाल्यांना 'कृषिकोश'वर देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. वैद्यकाचं 'पबमेड' तर कोणालाही, कुठूनही, फुकट.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणत आलो. आता आडात पाणी आलंय आणि दोर आखूड पडतोय. माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या संशोधनाचा आजचा खरा अनुशेष शोधता न येण्याचा आहे. तो भरायला ६,००० कोटी लागत नाहीत. लागतो तो शिकवणारा ग्रंथपाल, त्याला द्यायचा वेळ, आणि आपल्याच भागाच्या शब्दांची एक यादी. या यादीबद्दल आधी बोलतो, कारण तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

डेटाबेसला, म्हणजे लेखांच्या नोंदींच्या ऑनलाइन साठ्याला, अर्थ कळत नाही, त्याला अक्षरं कळतात. (हल्लीचे काही थोडाफार अर्थ ओळखतात म्हणे, भरवसा ठेवू नका.) आपण शीर्षक टाकलं, 'मराठवाड्यातील तूर पिकावरील शेंगा पोखरणाऱ्या अळीचे व्यवस्थापन: एक अभ्यास' याचं इंग्रजी, की तो त्यातला 'अभ्यास' आणि 'व्यवस्थापन'सुद्धा इमानेइतबारे शोधत बसतो. म्हणून पहिलं काम विषय फोडण्याचं. इथे गोष्टी दोनच आहेत, तूर आणि अळी. फार तर तिसरी, प्रदेश. आता एकेका गोष्टीची सगळी नावं गोळा करायची. आपल्याकडे माणूस घरी 'बाळू' असतो, शाळेच्या हजेरीत 'बालाजी' आणि आधार कार्डावर भलतंच काही. त्याला शोधायचं तर तिन्ही नावांनी विचारावं लागतं. तुरीचंही तसंच. इंग्रजीत ती 'पिजनपी' आहे, भारतीय लेखकांच्या हातात 'रेडग्राम' आहे, उत्तरेकडच्या लेखात 'अरहर', आणि शास्त्रीय नाव 'कजानस कजान'. ही सगळी नावं 'ऑर'नं जोडून एका कंसात ठेवायची.

अळीची गंमत याहून मोठी. हरभऱ्यावर असते तेव्हा आपण तिला घाटेअळी म्हणतो, कपाशीवर गेली की ती अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी होते, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी. कीड एकच, 'हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा'. आणि जुन्या लेखांत तीच 'हेलिओथिस आर्मिजेरा' या नावानं बसलेली आहे, कारण मध्यंतरी शास्त्रज्ञांनी तिच्या नावातला पहिला भाग, 'जीनस', बदलला. नवं नाव टाकून शोधणाऱ्याला वाटतं, अरे, जुन्या पिढीनं या अळीवर काही केलंच नाही! केलं होतं, भरपूर केलं होतं. हा दुसरा कंस झाला. दोन कंसांच्या मध्ये 'अँड'. 'ऑर' जाळं पसरतो, 'अँड' ते आवळतो. 'नॉट'पासून सांभाळून राहावं. कापूस नको म्हणून 'नॉट कॉटन' लिहिलं की तूर आणि कापूस या दोन्हींची तुलना करणारा सगळ्यात कामाचा लेखही बाहेर पडतो. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर अवतरणचिन्हं. शब्दाचं मूळ ठेवून शेपटी मोकळी सोडायची असेल तर तारांकन (*), म्हणजे 'मायग्रंट', 'मायग्रेशन', 'मायग्रेटरी' एकाच फेरीत येतात. बस, यंत्राचं व्याकरण जवळपास एवढंच. अर्ध्या तासात शिकता येतं.

अर्ध्या तासात न येणारी गोष्ट म्हणजे नावं जमवणं, आणि तिथे मराठवाड्याच्या संशोधकाची बाजू वरचढ आहे. परदेशातल्या ग्रंथालयांनी शोध कसा घ्यावा यावर चांगल्या मार्गदर्शिका काढल्यात, पण बीडचं काय करायचं हे त्या कशा सांगणार? इंग्रजीत बीड कधी 'बी-ई-ई-डी' आहे, जनगणनेच्या तक्त्यांत 'बी-आय-डी' आहे, निजामाच्या काळच्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये 'बी-एच-आय-आर' आहे. त्यातलं मधलं स्पेलिंग टाकलं की लिलावाच्या बोलीवरचे अर्थशास्त्राचे लेख धबाधबा कोसळतात, आणि वैद्यकाच्या डेटाबेसमध्ये तर गोळी दिवसातून दोनदा घ्यावी असं सांगणारं तेच तीन अक्षरी चिन्ह. औरंगाबाद टाकलं की बिहारचा औरंगाबाद जिल्हा मधे येतो. फेब्रुवारी २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली; आता नुसती नवी नावं टाकणारा जुन्या सगळ्या लेखांना मुकणार आणि नुसती जुनी टाकणारा यापुढच्या लेखांना. दोन्ही टाका, इथे राजकारण काढू नका, डेटाबेसला मतदान करता येत नाही.

जिल्ह्यांच्या विभाजनाचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. म्हणजे हिंगोलीच्या हळदीवर किंवा बाजारपेठेवर काम करणाऱ्यानं १९९९ च्या आधीचं सगळं 'परभणी'त शोधायला हवं, आणि लातूरचं १९८२ आधीचं 'उस्मानाबाद'मध्ये. आणखी मागं गेलात तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाई तिथे 'मोमिनाबाद' आहे, नांदेडच्या शेवटी 'डी'ऐवजी 'आर' आहे, आणि खुद्द मराठवाडासुद्धा 'मराठवारा' असा लिहिलेला सापडतो. दफ्तर उर्दूत आणि मुक्काम हैदराबादेत. हे ज्याला माहीत आहे तो माणूस अंबाजोगाईच्या पारावर बसलेला असतो. ज्याला गरज आहे तो विद्यापीठाच्या वाचनकक्षात स्क्रीनकडे बघत 'नो रिझल्ट्स फाउंड' वाचत असतो.

ऊसतोड कामगारांचा विषय घ्या. बीड जिल्ह्यातला विद्यार्थी हा विषय घेतो तेव्हा त्याला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम, टोळी, उचल हे सगळं आईच्या दुधाबरोबर माहीत असतं. तो डेटाबेसमध्ये 'शुगरकेन वर्कर्स प्रॉब्लेम्स' असं टाकतो आणि ब्राझीलचे लेख घेऊन परत येतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की त्याची 'उचल' इंग्रजी अर्थशास्त्रात 'अ‍ॅडव्हान्स' आणि 'डेट बाँडेज' या नावांनी वावरते. की 'कोयता' आणि 'मुकादम' हे शब्द कित्येक इंग्रजी लेखांत रोमन लिपीत जसेच्या तसे आहेत, म्हणजे तेच टाकले तर ब्राझील आपोआप गळून पडेल. की शिक्षणाचे अभ्यासक हंगामी स्थलांतर आणि साखरशाळा यांवर लिहितात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. त्या प्रश्नाची बैठक वैद्यकात आहे. पबमेडमध्ये बहुतेक लेखांना ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात. तिथे 'हिस्टरेक्टॉमी' हे शीर्षक आहे आणि स्थलांतरितांसाठी 'ट्रान्झियंट्स अँड मायग्रंट्स' असं जुनाट वाटणारं शीर्षक. लेखकानं कुठलाही शब्द वापरलेला असो, ते शीर्षक धरलं की लेख सापडतो. म्हणून एकच डेटाबेस उघडून बंद करणं म्हणजे एकाच आठवडी बाजारात बैल शोधून 'बैलच नाहीत' म्हणत घरी येणं.

आणि एक चांगला लेख हाती लागला की माग काढायचा. हरवलेल्या जनावराचा माग काढतात तसा, पण दोन्ही दिशांनी. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचं आणि त्याला पुढे कोणी उद्धृत केलं ते बघत पुढे यायचं. किल्लारीवरचा नव्वदच्या दशकातला एखादा भक्कम लेख धरला तर या एका युक्तीनं त्या मुलीचा अर्धा आढावा उभा राहिला असता.

"सर, गुगल स्कॉलर आहे की," असं म्हणणारे भेटतात, त्यात प्राध्यापकही असतात. आहे, वापरा. सुरुवातीला मीही तिथेच जातो, आणि पुढचा माग काढायला ते सोयीचं आहे. पण ते एका शोधाचे हजाराच्या वर निकाल दाखवत नाही, तारांकन मानत नाही, विषयशीर्षकं ठेवत नाही, आणि ज्याला जास्त उद्धृत केलं गेलं त्याला वर ढकलतं. बदनापूरच्या संशोधन केंद्रातला तुरीच्या वाणावरचा छोटासा, नेमका आपल्या जमिनीतला लेख तिथे पंधराव्या पानावर असतो. पंधराव्या पानावर कोण जातं?

आता नवा देव आलाय, चॅटबॉट. त्याला 'मराठवाड्यातील दुष्काळावरचे दहा संदर्भ दे' म्हटलं की तो दहा देतो. लेखकाची नावं ओळखीची, जर्नल खरं, वर्ष पटण्याजोगं आणि लेख अस्तित्वातच नाही, असा प्रकार मी स्वतः तपासताना पकडलाय, एकाच प्रबंधात तीनदा. मी या यंत्राच्या विरोधात नाही. 'ऊसतोडणीच्या उचलीला इंग्रजीत काय काय म्हणतात' हे त्याला जरूर विचारावं. नावं सुचवण्यात तो तरबेज आहे. साक्षीदार म्हणून मात्र त्याला उभं करू नये.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. मराठीचे, इतिहासाचे विद्यार्थी म्हणतात की आमचं काहीच या डेटाबेसमध्ये नसतं. बरोबर आहे. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे जुने अंक, औरंगाबादहून निघालेल्या, दलित साहित्याला वाहिलेल्या 'अस्मितादर्श'च्या फायली यांत जे आहे ते १३,००० नियतकालिकांत सापडणार नाही. दलित साहित्याच्या अभ्यासाचा कणा ज्या भागात तयार झाला त्या भागातल्या नियतकालिकांची लेखवार सूची एका क्लिकवर नाही, ही शरमेची बाब आहे, आणि दिल्लीला दोष देऊन ती झाकता येणार नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली तेव्हा त्यांच्याकडे संगणक सोडाच, धड अनुदानही नव्हतं. आज आपल्याकडे विद्यापीठं आहेत, ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांना दरवर्षी प्रकल्प द्यावेच लागतात. 'वाचकांच्या समाधानाचा अभ्यास' हा तोच तो प्रकल्प पन्नासाव्यांदा करून घेण्याऐवजी एकेकाला एकेका नियतकालिकाची दहा वर्षं द्या. त्याच्या जोडीला स्थळनामं, पिकं, किडी, जाती-जमातींची नावं, निजामकालीन महसुली शब्द आणि या सगळ्यांची रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगं अशी एक यादी. मी म्हणत होतो ती हीच. परभणीचं कृषी विद्यापीठ त्यात शेतीची बाजू सांभाळू शकेल.

हे करायचं कोणी, तर ग्रंथपालानं. आणि इथेच गाडं अडतं. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं रिकामी, पदभार एखाद्या प्राध्यापकाकडे, आणि देवघेवीच्या टेबलावर शिपाई, हे दृश्य आपल्या कॉलेजांत कोणाला नवं नाही. जो ग्रंथपाल उरला आहे त्याला नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, निवडणुकीची ड्युटी आणि परीक्षेचं पर्यवेक्षण. यूजीसीनं २०१९ मध्ये पीएच.डी.च्या कोर्सवर्कसाठी संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा दोन क्रेडिटांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम काढला. त्याच्या सहा घटकांतला शेवटचा घटक डेटाबेसचा. शेवटचा म्हणजे कसा, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे: 'वेळ संपला, घरी वाचून घ्या.' जिथे शिकवतात तिथेही बहुधा स्लाइडवरून शिकवतात. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं. हा घटक ग्रंथपालानं, संगणकासमोर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयावर आणि मराठीतून घ्यायला हवा. मराठीतून यासाठी, की नावं जमवण्याचं काम माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत सुरू होतं. 'उचल' सुचली तरच पुढे 'डेट बाँडेज' सुचेल.

यात घाईचंही एक कारण आहे. यूजीसीची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. कुठलं जर्नल बरं आणि कुठलं पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारं, हे सांगणारी ती एक कुबडी होती, कितीही वाकडी असली तरी. आता पारख ज्यानं त्यानं करायची. ज्याला शोधता येत नाही त्याला पारख कशी करता येणार?

त्या बैठकीत मी शेवटी एक सूचना मांडली. सिनॉप्सिसला शोधवहीचं एक पान जोडावं: कोणत्या तारखेला, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द कसे जोडून टाकले, किती निकाल आले, त्यातले किती ठेवले आणि बाकीचे का टाकले. म्हणजे 'संशोधन झालेले नाही' असं कोणी लिहिलं तर निदान कुठे कुठे पाहून लिहिलं ते कळेल. सदस्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी म्हणालं, कल्पना चांगली आहे सर, पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. मी विचारलं, रकाना वाढवायला कोणाची मंजुरी लागते? त्याचं उत्तर तिथे कोणालाच सांगता आलं नाही. चार टेबलं फिरून झाली, शब्दही बदलून पाहिले. अजून तरी निकाल शून्य आहे.